काळ्या पट्टीचे सत्तावन्न दिवस

माझा भाऊ माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. जन्मभर मी त्याला तोंडावर ‘दादा, तुम्ही’ म्हणत आलो आणि मनात ‘तू’. मग त्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि पंधरा दिवसांच्या आत मी तोंडावरही ‘तू’ म्हणायला लागलो. वहिनीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोळी लाटता लाटता माझ्याकडं नुसतं बघितलं. दादा काय बोलणार? त्याच्याजवळ एकच शब्द उरला होता, ‘व्हय’. भूक लागली तरी व्हय, नाही लागली तरी व्हय.

ज्या माणसाच्या एका शब्दासरशी अख्खं लग्नघर गप्प व्हायचं, त्याच्यावर ही वेळ आली होती. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर त्याचा फोटो स्टुडिओ होता, तीस-बत्तीस वर्षं चाललेला. ‘हलू नका’ असं त्यानं म्हटलं की नवरदेवाचा मामासुद्धा पोट आत ओढून श्वास धरायचा. बारावीनंतर दोन वर्षं मी त्याच्या हाताखाली होतो. मला फोटोग्राफरच व्हायचं होतं, दुसरं काही सुचतच नव्हतं. एका दुपारी डार्करूममध्ये लाल दिव्याऐवजी मी चुकून पांढऱ्या दिव्याचं बटण दाबलं. फोटोपेपरचं खोकं उघडं होतं, ट्रेमध्ये एका लग्नाचे फोटो भिजत होते. सगळं काळं पडलं. नवरीचा बाप बाहेर काउंटरवर उभा होता. त्याच्यासमोर दादानं माझ्या कानशिलात लगावली आणि म्हणाला, “ज्याला अंधार सांभाळता येईना, त्यानं फोटूच्या नादी लागू नाय.”

पुढच्या आठवड्यात त्यानं मला वाळूजच्या कंपनीत चिकटवलं. एकोणतीस वर्षं मी शिफ्टच्या बसनं गेलो आणि आलो. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं अर्धं पेर तिथल्या प्रेस मशीनखाली ठेवून आलो. लोक म्हणायचे, भावानं आयुष्याचं कल्याण केलं. मीही मान डोलवायचो.

कंपनीनं लवकर घरी पाठवलं तेव्हा दादाचा स्टुडिओ कधीच बंद पडला होता. मोबाइल आले आणि ‘हलू नका’ ऐकायला कुणी उरलं नाही. आमचं घर एकच. मी खाली, दादा-वहिनी गच्चीवरच्या खोलीत. त्यांच्या पलंगाखाली जुन्या फोटोपेपरची खोकी पडून होती, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली.

दादाचा एकही धड फोटो घरात नव्हता. अख्ख्या मुकुंदवाडीचे फोटो त्यानं काढले, पण तो सतत कॅमेऱ्यामागं. आधार कार्डावर एक होता, त्यात तो चोरासारखा दिसायचा. आजारी पडल्यावर वहिनीनं मोबाइलवर काढायचा प्रयत्न केला, तर त्यानं डाव्या हातानं तोंड झाकलं. तोंडाची उजवी बाजू लोंबायला लागली होती. लोकांचे चेहरे सरळ करण्यात हयात गेलेल्या माणसाला स्वतःचा वाकडा चेहरा फोटोत नको होता. मोबाइल दिसला की हात तोंडावर जायचा.

अशात मी मोबाइलवरच एक उद्योग बघितला. दुधाच्या पावडरचा पत्र्याचा डबा घ्यायचा, आतून-बाहेरून काळा रंगवायचा, सुईनं बारीक भोक पाडायचं. आत फोटोपेपर वाकवून बसवायचा, झाकण काळ्या चिकटपट्टीनं बंद करायचं आणि डबा दक्षिणेकडं तोंड करून सहा महिने बांधून ठेवायचा. कॅमेरा नाही, औषध नाही. सूर्य रोज उगवतो, मावळतो आणि रोजची एक रेघ पेपरवर ओढून जातो. जूनमध्ये रेघ उंच असते, मग रोज थोडी खाली सरकत डिसेंबरात सगळ्यांत खाली येते. ढग असले त्या दिवशी रेघ तुटते. जे हलतं ते फोटोत येत नाही, जे सहा महिने जागचं हलत नाही तेवढंच येतं.

मी हे दादाला सांगितलं. खरं सांगायचं तर ऐकवलं. म्हटलं बघ, अंधार सांभाळता येत नाही म्हणाला होतास ना? पण त्यानं असं काही कान देऊन ऐकलं की मीच वरमलो. मी पाडलेलं भोक त्यानं डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि डबा बाजूला सारला. दुसरं पाडलं, तेही सारलं. तिसऱ्याच्या कडा मी पॉलिश पेपरनं घासून आणल्या तेव्हा तो म्हणाला, “व्हय.” मी त्रेपन्न वर्षांचा होतो आणि मला हुरूप आला होता, याची मला आजही लाज वाटते.

वहिनी भाजी निवडत होती. तिनं विचारलं, “भाऊजी, हे येतील का वो त्यात?”

मी हसलो. “येतील की. सहा महिने हलले नाहीत म्हणजे झालं.”

ती थट्टा होती, आणि चांगली नव्हती. पण दादानं ती मनावर घेतली. डाव्या हातानं स्वतःकडं बोट केलं, मग गच्चीच्या कठड्याकडं, मग चार बोटं दाखवली. रोज चार तास. तो मुरलेला फोटोग्राफर होता, त्यानं मनात हिशेब मांडला होता. एका जागी, एकाच पद्धतीनं रोज चार तास बसलं तर मागच्या आभाळावर माणसाचा काळपट आकार उमटेल. आकार तेवढा. चेहरा येणारच नाही. वाकडा नाही आणि सरळही नाही. मला हे उशिरा कळलं. त्याला चालण्यासारखा जगात हा एकच फोटो होता.

एकवीस जूनला, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, मी डबा पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला कमरेच्या उंचीवर बांधला. समोर आठ फुटांवर, कठड्याला लागून, स्टुडिओतली गिऱ्हाइकांची लाकडी खुर्ची ठेवली आणि तिचे पाय तारेनं कठड्याला आवळले. रोज सकाळी मी आणि वहिनी दादाला दोन्ही बाजूंनी धरून खोलीतून आणायचो आणि बसवायचो. मग वहिनी खाली भांड्यांकडं जायची आणि माझं राज्य सुरू व्हायचं.

“मान सरळ. हनुवटी खाली. खांदा पाड. हलू नको.”

त्याचेच शब्द, त्याच्याच चालीवर. माशी त्याच्या ओठाच्या लोंबत्या कोपऱ्यावर बसायची. तो डावा हात उचलायला लागला की मी म्हणायचो, “हललास की गेला फोटो.” हात खाली जायचा. चार तासांत एखादं मिनिट हात हलल्यानं काहीही बिघडत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तरी तो ऐकायचा. वहिनीनं उन्हाची टोपी आणली तर मी ती परत पाठवली, म्हटलं आकार बदलतो. माझा दिवस फार छान जायचा.

पावसाळ्यात खाडे पडले. आठ-आठ दिवस खुर्ची नुसती भिजत उभी राहायची. दसऱ्यानंतर आभाळ धुतल्यासारखं लख्ख झालं आणि दादाचे डोळे चमकायला लागले. खरं काम आता होणार होतं. ढग नाहीत, पाऊस नाही, रोजचं चार तासांचं कडक ऊन. पावसाळ्यातलं निम्मं वाया गेलेलं तो हिवाळ्यात भरून काढणार होता.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आलं, संध्याकाळी, मावळता मावळता लागणारं. वहिनी पाचोडची. तिच्या माहेरी ग्रहणाचं फार कडक. सकाळपासून चूल बंद, प्रत्येक भांड्यात तुळशीचं पान. दुपारी गल्लीतला फ्रेमवाला दिवाळीचा म्हणून आला. मुसलमान माणूस, स्टुडिओच्या फोटोंना वर्षानुवर्षं फ्रेमा करून देणारा, दादाला उस्ताद म्हणणारा. त्याला घरात काही खायला देता येईना, म्हणून वहिनीनं चकल्यांचा डबा भरला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि म्हणाली, “ग्रहण सुटल्यावर खा.” त्यानं हसत मान डोलवली आणि गच्चीत खुर्चीवर बसलेल्या दादाशेजारी जमिनीवर मांडी घातली.

मग वहिनी माझ्याकडं वळली. “भाऊजी, त्या डब्याचं तोंड झाका. ग्रहणाचं ऊन ह्यांच्या फोटूवर नगं.”

“ग्रहण सूर्याला लागणार वहिनी, डब्याला नाही.”

“तरी झाका. आजारी माणूस हाय.”

सणासुदीला वाद कशाला, म्हणून मी खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. बोट अर्धं असल्यामुळं मला पट्टी हातानं तोडता येत नाही. दादाच्या खुर्चीजवळ उभा राहून मी ती दातांत धरली. त्याला माझा बेत कळला. त्याला तर ग्रहण हवं होतं. कुठल्या फोटोग्राफरला नको असेल? त्यानं डावा हात फिरवला आणि माझ्या हातावर असा फटका मारला की रीळ उडून टाकीखाली गेलं.

फ्रेमवाला खदखदून हसला. “वा उस्ताद! हाथ अब्बी बी चलता तुम्हारा!”

त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला काउंटरवर उभा असलेला नवरीचा बाप दिसला. मी वाकलो, टाकीखालून रीळ काढलं, पट्टी तोडली आणि डब्याच्या भोकावर अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवली. काळ्या डब्यावर काळी पट्टी. वहिनीनं समाधानानं हात जोडले.

ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या. पट्टी काढायला मी वर गेलोच नाही. उद्या काढू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला खुर्चीत बसवलं, हनुवटी खाली घ्यायला लावली, ‘हलू नको’ म्हटलं, आणि पट्टी तशीच राहू दिली. वाटलं, एक दिवस बस म्हणावं फुकट. मग दोन दिवस. मग त्याची सवय झाली. खुन्नस काढायला एकदा बसलं की माणसाला उठवत नाही.

त्याच सुमारास दादा रोज डब्याकडं हात करायला लागला. डावा हात लांब करायचा, “व्हय, व्हय” करायचा. वहिनी वर असली तर पाणी आणून द्यायची. मी असलो तर म्हणायचो, “अजून चाळीस दिवस. अजून पस्तीस.” मला वाटायचं, दिवस विचारतोय. आठ फुटांवरून, जाड चष्म्यातून, काळ्यावरचं काळं त्याला काय दिसणार, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

डिसेंबरात गार वारं सुटलं आणि त्याला खोकला धरला. वहिनी म्हणाली, “आता ऱ्हाऊ द्या भाऊजी. छाती वाजतीया ह्यांची.”

मी काय म्हणालो ते शब्दासकट आठवतं. “आता शेवटचे दिवस आहेत वहिनी. आता सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात जाईल.”

बंद डब्यापुढं मी त्याला आणखी बारा दिवस वाऱ्यात बसवलं.

एकवीस डिसेंबरला सूर्य मावळला. वहिनी दादाला आत घेऊन गेल्यावर मी पट्टी सोलली, गोळी करून गटारात टाकली आणि डबा उतरवला. असला फोटो धुता येत नाही. आहे तसा स्कॅनरवर ठेवायचा, तोही एकदाच, कारण स्कॅनरच्या उजेडानंही तो मरायला लागतो. झेरॉक्सवाल्यानं स्कॅन केलं, कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं आणि मोठी प्रिंट काढून दिली. मी ती दुकानात बघितली नाही. गुंडाळी करून घरी आणली.

दादाच्या पलंगावर ती उलगडली. वहिनी होती, फ्रेमवालाही माप घ्यायला आला होता. कठड्याचे गज स्वच्छ आले होते. शेजारच्या टाक्या आल्या होत्या. खुर्ची अशी आली होती की तिच्या हातावरचा खिळासुद्धा दिसावा. वर आभाळात सूर्याच्या रेघा होत्या, पावसाळ्यात तुटलेल्या, दसऱ्यानंतर अखंड. आणि त्या रेघांखाली, जिथं हिवाळा असायला हवा होता, तिथं काहीच नव्हतं.

वहिनीनं प्रिंट खिडकीकडं धरली, जवळ घेतली, लांब नेली. “भाऊजी, हे कुठं हायेत?”

मी खुर्चीच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं. “इथं आहे थोडं काळपट.”

“मला तर नाय दिसत.”

फ्रेमवाला म्हणाला, “दिखते ना भाभी, गौर से देखो,” आणि मान खाली घालून टेपनं माप घ्यायला लागला. त्यालाही दिसत नव्हतं.

दादानं प्रिंट ओढून घेतली. डाव्या हाताचं बोट रेघांवरून वरून खाली आणलं, अगदी सावकाश, आणि शेवटच्या रेघेवर थांबवलं. मग खालच्या मोकळ्या जागेवरून फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं.

“ढग होते,” मी म्हणालो.

“कुठले ढग भाऊजी?” वहिनी म्हणाली. “रोज लखलखीत ऊन व्हतं की. मी पापड वाळवले.” तिच्या बोलण्यात संशय नव्हता. ती चहा टाकायला गेली आणि फ्रेमवाला हात धुवायला बाहेर गेला.

दादानं अंगठा उचलला. प्रिंटवर एका जागी टेकवला आणि दाबला, एकदा, दोनदा, तीनदा. मी पट्टी दाबली होती तसा.

त्याला पट्टी दिसत होती. पहिल्या दिवसापासून. तो दिवस विचारत नव्हता, पाणी मागत नव्हता. सत्तावन्न दिवस तो मला ‘काढ’ म्हणत होता आणि त्याच्याकडं तो शब्द नव्हता. आठ फूट चालायला पाय नव्हते. तरी रोज हनुवटी खाली घेऊन बसला, मी उद्या काढीन म्हणून. मला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं. हे वाक्य लोक उगाच वापरतात, मी उगाच वापरत नाही.

त्यानं डावा हात उचलला. मी डोळे मिटले. मारावं असंच मला वाटत होतं. पण फटका बसला नाही. डोळे उघडले तर तो माझ्यापुढं तळहात पसरून बसला होता. आधी मला कळेना. त्यानं टेबलावरच्या रिकाम्या डब्याकडं बोट केलं, गच्चीकडं केलं, माझ्या खिशातल्या रिळाकडं केलं, मग परत तळहात पसरला.

मी शेवटच्या खोक्यातला पेपर काढला. डब्यात बसवला, त्याच्यासमोर झाकण पट्टीनं बंद केलं आणि रीळ त्याच्या हातात दिलं. त्यानं ते सदऱ्याच्या खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खुर्चीपाशी आणलं तेव्हा मी म्हणालो, “बसा दादा.” वहिनीनं परत एकदा माझ्याकडं बघितलं. मी टोपी आणली, शाल आणली. शाल त्यानं घेतली, टोपी नाही घेतली. आकार बदलतो. माशा मी वर्तमानपत्रानं हाकत उभा राहायचो, आणि त्याच्या खिशात ते रीळ फुगून दिसायचं. तो माझ्याकडं रागानं बघत नव्हता. बघतच नव्हता, डब्याकडं बघायचा. मी बाजूला झालो की भोक उघडं आहे ना ते बघून घ्यायचा.

खोकला गेला नाही. मार्चमध्ये छाती भरली, चार दिवस दवाखान्यात होता, पाचव्या दिवशी गेला.

दहाव्याला हार घालायला फोटो हवा होता. पाचोडहून आलेल्या पाहुण्यांनी आधार कार्डावरचाच मोठा करू म्हटलं. वहिनी म्हणाली, “तो नगं. तो चोरावाणी हाय.” आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “डबा काढा.”

जूनपर्यंत ठेवायचा होता. काढला. प्रिंट झेरॉक्सच्या दुकानात मीच बघितली यावेळी. सूर्याच्या रेघा तळापासून वर चढत गेल्या होत्या, एकही तुटलेली नव्हती. खुर्चीत माणूस बसला होता. तोंड नाही, डोळे नाहीत, नुसता काळा आकार, पण डोकं, खांदे आणि शालीचा उतार इतका ठळक की दुकानदार म्हणाला, “कोण आहेत हे?” बसलेला दिसायला तीन महिन्यांपेक्षाही कमी वेळ लागला होता.

वहिनीला शोधावं लागलं नाही. “हे बघा, हेच. असंच डाव्या अंगाला कलायचे.” फ्रेमवाल्यानं एका रात्रीत फ्रेम करून दिली. पाहुणे एकमेकांना विचारत होते, यात तोंड कुठंय, आणि वहिनी बोट ठेवून प्रत्येकाला दाखवत होती. हार तिनं स्वतः घातला.

पाहुणे गेल्यावर ती पलंग आवरायला लागली. मी दारात उभा होतो. तिनं उशी उचलली आणि खालून काळ्या पट्टीचं रीळ काढून माझ्यापुढं धरलं.

“ही तुमची पट्टी, भाऊजी. झोपायच्या आधी रोज चाचपून बघायचे, हाय का नाय ते.” तिनं पदरानं डोळे पुसले. “पुढच्या ग्रहणाला तुमाला डबा झाकाया लागंल, म्हणून जपली आसंल.”

“व्हय,” मी म्हणालो.